ज्याचा आवाज नाई आला, त्याले शोधा

अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, सोमवारी, अन् लोक म्हनते का रीनाबाई, तुमच्यामुळेच झालं! आता तुमीच सांगा, मी त वर्गाच्या बाहेर, व्हरांड्यात, खिडकीखाली पोतं टाकून बसून होती, मांडीवर डब्बा, डोक्यावर पदर... मी काई बोलली का? काईच नाई बोलली!

थांबा, पयले पोरीचं सांगते, नाईतर तुमाले वाटन ही बाई कॉलेजात कायले बसून राह्यली. माही नंदिनी एकोनीस वर्षांची हाये. डॉक्टरच्या कागदावर 'बौद्धिक दिव्यांग' लिहून हाये, घरी आमी म्हनतो पोरगी सावकाश शिकते. सावकाश शिकते, पन शिकली का मंग विसरत नाई, हे ध्यानात ठेवा, पुढं सगळा घोळ ह्याच्यातूनच झाला! त यंदा गोंडपिपरीच्या कॉलेजनं अशा लेकरांसाठी चार जागा काढल्या. वेगळ्या खोलीत नाई बरं, सगळ्यांच्या वर्गात, सगळ्यांच्या बाकावर! परीक्षा तेवढी सोपी, दुपारी लायब्ररीत पुस्तकं लावाचं काम, अन् सोबतीले वर्गातलीच एक पोरगी. नंदिनीले पुनम भेटली, मोठी गुनाची पोरगी. पन अट अशी, का एक महिना पाहू, मंग मिटिंग होईन, मंग ठरवू पोरगी राहीन का जाईन.

एक महिना! अहो, मी अठराव्या वर्षी माय झाली, तवापासून मले एकच भेव, का कोनी म्हनन 'बाई, तुमची पोरगी घेऊन जा.' अंगनवाडीनं म्हटलं, शाळेनं दोनदा म्हटलं. शेजारची गिरजाबाई त रोज म्हनते, "काय वं रीना, तू सातवी शिकली अन् पोरीले कॉलेजात धाडतं? घरी भाकरी थापन त कामी येईन." मी काई बोलली का? काईच नाई बोलली! फक्त म्हटलं, गिरजाबाई, तुमचा लेक बारावी शिकला, थो कुठी थापून राह्यला भाकरी? बस. तवापासून तिच्याकडून दही येनं बंद.

त सोमवारी सकाळी एसटीत मी नंदिनीले समजावलं. "हे पाय बेटा, सर नाव घेईन, तू जोरानं ओ द्याचा. मोहफुलं वेचाले जातो तवा देतं ना, तसाच." आता तुमी जंगलातले असान त तुमाले ठाऊकच हाये, नसान त ऐका. मोहफुलं वेचाले आमी पाच-सहा बाया पहाटे जातो, झाडं दूर दूर, वाघाचं भेव, त घडीघडी एकमेकीले हाका माराच्या. 'नंदिनीऽऽ!' 'ओऽऽ!' 'गिरजाबाईऽऽ!' 'ओऽऽ!' अन् दोन हाका मारून जिचा ओ नाई आला, तिच्यासाठी सगळ्याइनं टोपलं तिथीच ठेवाचं, एकमेकीचा हात धराचा अन् शोधाले जाचं. एकटीनं नाई, सगळ्याइनं! हे मी नंदिनीले सहा वर्षांची होती तवा शिकवलं. शिकवाले दोन हंगाम लागले, पन शिकली म्हनजे शिकली!

अकरा दहाले नागसेन सर आले. माणूस देव हाये, आवाज मातर असा का शेवटच्या बाकावर झोप लागन. हजेरी सुरू झाली. एक नाव, "हजर सर." दुसरं नाव, "हजर." असं करत करत आले, "नंदिनी!"

"ओऽऽऽऽऽ!"

अहो, पंख्यावरची चिमनी उडाली! पोरं हसले, मी खिडकीखाली रामराम म्हटलं, गेली पोरगी! पन सर काय म्हनते? "वा! या वर्गात कोणीतरी जागं आहे." अन् पुढचं नाव घेतलं. "विक्की."

सूनसान.

"विक्की?"

सूनसान. सरनं वहीत फुली मारली अन् पुढं गेले... सर गेले हो पुढं, पन नंदिनी कशी जाईन? थे उभी राह्यली. "सर, विक्कीचा ओ नाई आला."

"नाही आला तो आज. बस बेटा."

"दोनदा हाक मारली सर. आता शोधाचं."

अन् पुनमचा हात धरला! पुनमनं पुढच्याचा धरला, त्यानं त्याच्या पुढच्याचा, पोरायले कायचं, वर्गातून निघाले भेटलं का झालं! दोन मिनिटांत अख्खा वर्ग, चाळीस लेकरं, हातात हात घालून, 'विक्कीऽऽ! विक्कीऽऽ!' करत मैदानातून निघाले, मागं नागसेन सर हजेरीची वही घेऊन, अन् सगळ्यात मागं मी, डब्बा घेऊन! विक्की कुठी भेटला मालूम हाये? गेटासमोरच्या पानठेल्यावर! तोंडात तंबाखूचा खर्रा, समोर चाळीस जन, अन् माही पोरगी त्याले वरून खालपावेतो पाहून म्हनते, "वाघानं नाई खाल्लं ना? चाल मंग." आला बिचारा गुपचूप. नाई येऊन जाते कुठी!

पन वर पाहते त काय, प्राचार्य मॅडम आपल्या खिडकीत उभ्या! मॅडमनं बोलवाच्या आधी मीच त्यांच्या खोलीत घुसली. मी काई बोलली का? काईच नाई बोलली! फक्त म्हटलं, मॅडम, चूक माही हाये, मी शिकवलं, पोरीचा दोष नाई, तिले काढू नका, काढाचंच असन त त्या विक्कीले काढा, अन् मोहाची झाडं, अन् वाघ, अन् गिरजाबाईचं दही... मॅडमनं पान्याचा गिलास पुढं केला अन् म्हटलं, "महिना पूर्ण झाला की या." बस! हो नाई, नाई नाई. तुमीच सांगा, अशानं रात्री झोप येते का माणसाले?

दुसऱ्या दिवसापासून सरनं नियम केला. तास सोडून जाचं नाई, तास संपला का नंदिनी अन् पुनमनं दहा मिनिटं शोधाचं. अन् तुमाले सांगते, चौथ्या दिवशी पानठेला रिकामा! पोरं लाजेनं वर्गात येऊन बसाले लागले, का चाळीस जनांत वाघाचं नाव निघन. राह्यली एकच, पिंकी. बारा दिवस ओ नाई. नंदिनी रोज विचारे, "सर, पिंकी?" सर म्हनत, "पाहू." नंदिनी म्हने, "कवा?" तेराव्या दिवशी सरनं वर्गातूनच फोन लावला. थे पोरगी घरी बसून होती, गावाची बस बंद झाली म्हनून. फोनवर रडली म्हनते... "सर, मले वाटलं कोनाच्या ध्यानातच नाई आलं." आता मैतरिनीच्या सायकलवर येते. ओ देते, असा का पुसू नका.

महिना भरला. मिटिंग! टेबलाच्या त्या बाजूले मॅडम, नागसेन सर, दोन जन आनखी, ह्या बाजूले मी अन् नंदिनी. मॅडम म्हनते, "नंदिनी राहील. पूर्ण दोन वर्षं." अहो, मी खुर्चीवरच... जाऊ द्या. पन मॅडम थांबल्या नाई ना! "एक तक्रार मात्र आली आहे," म्हने, अन् कागद काढला. मी म्हटलं, विक्कीच! कागद पाहते त अक्षर ओळखीचं. मोठं मोठं, दाबून लिहिलेलं, सगळं ओळीवर.

'आई खिडकीतून उत्तर सांगते. मले येते. आईले घरी पाठवा. नंदिनी.'

मी काई... बरं, बोलली थोडं. सर विचारे 'गोष्टीत पुढं काय झालं', त माह्याच्यानं राहवे नाई. लायब्ररीत त मी बाहेरून 'हिरवा, बेटा, हिरवा कप्पा' इतकंच म्हने. पन 'मले येते'! एकोनीस वर्षं मी सगळ्याइले सांगत आली का माह्या पोरीले येते, येते, अन् मलेच सांगाचं राहून गेलं होतं जनू. मी नंदिनीकडे पाह्यलं. थे म्हनते, "रडू नको. डब्बा मीच आनीन."

त असा निकाल लागला बापा. एका घरून दोघी गेलो, एक पास झाली, एक नापास. अन् नापास झालेलीले पेढे वाटाचं काम!

आता तुमी एवढं ऐकलंच हाये त एक काम करा. एटापल्लीकडे, मार्कंड्याकडे, जिथी कुठी तुमचे सोयरे असन, जिथी असं लेकरू घरात बसून असन, तिथी सांगा... जूनमध्ये जागा भरते, लेकराले घेऊन या म्हना, भेऊ नका म्हना. अन् मायले खास सांगा, का बाई, गेटापावेतोच ये, पोतं आनू नको. ऐकनार नाई थे, मले मालूम हाये. तरी सांगा.