अर्धा कोयता

माजा जन्मच उसाच्या फडातला, काय सांगू तुमाला. आमचं गाव केजकडचं, कोरडं ठाक, दसरा झाला की निम्मं गाव ट्रकीत बसून साखर कारखान्याला ऊस तोडाया जायाचं, आन् माजी आई पोटुशी आसून तोडीत व्हती, तितंच पाचटावर मी झाले. मंग लगीन बी ऊसतोड्याशीच. आता हे नीट ऐका. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम मानसं मोजीतच न्हाई, कोयते मोजतो. एकटी बाई म्हंजी अर्धा कोयता, आन् अर्धा कोयता कुनी घेत न्हाई. म्हनून माजा मालक मला वीस वरसं मारीत व्हता आन् मी वीस वरसं त्याच्यासंगं ट्रकीत चढत व्हते. मेला तवा मी रडले न्हाई, खरं सांगते.

मंग आमी सात-आठ जनींनी समिती काढली, मार खानाऱ्या बायांसाठी. हापिस-बिपिस काय न्हाई. त्या साली पाऊस पडलाच न्हाई, टँकर यायचा, त्याच्या रांगंतच आमची बैठक. हंडा डोक्यावर घेताना बाईचा हात वर जातो, पदर सरकतो, वळ दिसत्यात. मंगलचे मी तसेच बगितले.

मंगल दिंद्रुडची पोर, आमच्या गावात दिलेली. नवरा कोयत्याच्या दांड्यानं मारायचा. मी तिला घरी आनलं, आठ दिवस ऱ्हायली, तेवढ्यात टोळीची ट्रक आली. मुकादम माज्या दारात, कोयता मोडला म्हनतो, जोडून द्या. तिचा भाऊ म्हनतो, आमालाच प्यायला पानी न्हाई, हिला कुठं ठिवू. मंग आमी समितीच्या शान्या बायांनी काय केलं, तिच्या नवऱ्याला देवळात बसवलं आन् बेल-भंडारा उचलायला लावला, पुना हात लावनार न्हाई म्हनून. आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की संपलं, त्याच्यावर कोर्ट न्हाई. पोर माज्याकडं बगत व्हती. मी म्हनलं जा बाई, देवासमोर बोललाय. मीच म्हनलं, दुसरं कुनी न्हाई.

दोन म्हैन्यांनी एस्टीतून उतरली, डावा हात गळ्यात बांधलेला. फडावरच्या कोपीत मारलं. आजूबाजूला आमच्याच गावच्या कोप्या, सगळ्यांनी ऐकलं, कुनी उठलं न्हाई, घरातलं भांडन हाय म्हने. कसलं घर? चार बांबू आन् एक ताडपत्री. हाड तितंच कुनाकडून तरी बसवलं, ते वाकडं बसलं. मी जवळ घ्याया गेले तर मागं सरली. म्हनली, मावशी, तुमी मला नांदायला न्हाई धाडलं, तुमी मुकादमाचा कोयता पुरा केला.

तिनं माज्या तोंडात मारली आसती तरी बरं झालं आसतं. दवाखान्यात नेलं, डाक्टरचा कागद घेतला, ठान्यात गेलो. तितला हवालदार म्हनतो, मावशी, कावून तानता, एकदा मिटवलंय तर पुना मिटवा. म्हनलं, ज्यानं देवाला फसवलं तो मला घाबरील व्हय, तुमी लिहा. लिहिस्तोवर दोघी तितंच फरशीवर बसून ऱ्हायलो.

म्होरल्या दसऱ्याला मी आन् मंगल मुकादमाकडं गेलो, म्हनलं, आमचा दोघींचा एक कोयता लिही. तो हसला. बायांचा कोयता आसतो व्हय, मोळ्या कोन उचलील म्हनला. लई संताप आला मला. म्हनलं, मेल्या, बाप्यानं नुसता ऊस तोडायचा आन् बाईनं तोडून वर वाहायचा बी, आजपतूर मोळ्या डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकीत कोन चढत आलंय, तुजा बाप? चार बाया मागं हुभ्या व्हत्या, त्या बी बोलाया लागल्या. लिहिलं मंग. पन्नाशीत मी पुना कोयता हातात धरला. मी तोडायची, ती एका हातानं आन् दातानं मोळी आवळायची.

आता आमच्या टोळीत नुसत्या बायांचे चार कोयते हाईत, देव त्यांचं भलं करो. मंगल माज्याच घरी ऱ्हाती, हसती, बोलती, मला आई म्हनती. पर तिचा हात काय सरळ व्हत न्हाई, आन् तो बगितला की माजं डोकं आजबी फिरतं. समितीकडं नवी कुनी आली की बाकीच्या म्हनत्यात, आदी नवऱ्याला बोलवा. मी त्यांना गप बसवते, पोरीला पानी देते, आन् येकच इचारते, मोळी बांधता येती का तुला.