वायर मीच काढत होते

माझे पती आज सकाळी गाडी घेऊन गेले ते अजून परतलेले नाहीत. ती गाडी आज सुरू व्हायलाच नको होती. ती का सुरू झाली हे माझ्याखेरीज कोणी सांगू शकत नाही, म्हणून हा जबाब देणे भाग आहे. कॉन्स्टेबल बुशार रेडिओवर गुंतलेले असल्याने मी तो स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

नाव ऑरिशा हनाट्यूक. वय ७२. व्यवसाय : शाळेतून निवृत्त शिक्षिका. राहणार युक्रेनी चर्चच्या मागे, दुसरे घर, एल्क क्रॉसिंग, मॅनिटोबा.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती मेट्रो हनाट्यूक, वय ७७, हे टार्नो साइडिंगच्या, म्हणजे धान्य चढवायच्या रेल्वेफाट्यावरच्या, धान्यकोठाराचे व्यवस्थापक होते. ते कोठार पाडून बरीच वर्षे झाली. आता तिथे फक्त काँक्रीटचा चौथरा आहे. पतींना हे आठवत नाही. गेल्या शरदात डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांचा गाडीचा परवाना काढून घेण्यात आला. तेही त्यांना आठवत नाही. रोज सकाळी ते कामावर निघतात.

मी सुरुवातीला किल्ल्या लपवल्या. त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे खण जमिनीवर पालथे केले आणि मला चोर म्हटले. संध्याकाळी ते वाक्य ते विसरले. मी किल्ल्या खुंटीवर परत ठेवल्या.

थंडी सुरू झाल्यावर मला दुसरा मार्ग सापडला. पती रोज जेवण झाल्यावर बाहेर जाऊन इंजिनाच्या हीटरची लांब सुटी वायर एका टोकाने गाडीला आणि दुसऱ्या टोकाने घराच्या भिंतीवरच्या प्लगला लावतात. आयुष्यभराची सवय आहे. ते झोपले की मी बाहेर जाऊन भिंतीकडची वायर काढत असे आणि पहाटे ते उठण्याआधी परत लावत असे, म्हणजे त्यांना ती लावलेलीच दिसे. एवढ्या थोड्या वेळात इंजिन गरम होत नाही. उणे पस्तिसाला रात्रभर गार पडलेली गाडी लागत नाही, आमचीच नव्हे, कुणाचीच. ते किल्ली फिरवून बघत, मग आत येऊन म्हणत, "हीटर गेला वाटतं. आणि तिकडे टार्नोला धान्याचे ट्रक रांगेत उभे आहेत. वजनं काय तुझा बाप करणार?"

मी म्हणत असे, "माझ्या बापाला कर म्हटलं असतंस तर निदान वजनं खरी भरली असती."

ते हसत आणि कॉफीला बसत. कॉफी संपेपर्यंत टार्नो विसरलेले असे. यात त्यांचा अपमान होत नव्हता. दोष गाडीचा होता.

कॉन्स्टेबल बुशार यांनी विचारले, "म्हणजे मॅडम, तुम्ही मुद्दाम गाडी बंद पाडत होतात?"

"हो."

"कोणाला सांगितलं होतंत?"

"नाही. गावात सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं."

काल रात्रीही मी वायर काढली. आज पहाटे लावायला गेले तेव्हा ती आधीच प्लगमध्ये होती. मी तेव्हाच ती उपटून आत यायला हवे होते. मी तसे केले नाही. माझ्या मनात आले की रात्री मी वायर काढलीच नसावी. काढताना कोणते हातमोजे घातले होते ते आठवेना. घरात एकाचे असे झालेले असताना दुसऱ्याचेही सुरू झाले असेल तर काय, हा विचार आला आणि मी आत जाऊन टेबलाशी बसले. संध्याकाळपासून काय काय केले ते क्रमाने आठवू लागले. भांडी घासली, चर्चच्या बायकांसाठी बटाट्याचे सारण भरून पिरोगी केले आणि थंडीत ठेवले, दिवा मालवला, वायर काढली. वायर काढल्याचे नक्की आठवले, तेवढ्यात गाडी लागल्याचा आवाज ऐकला. पती कधी उठून बाहेर गेले ते मला कळलेच नव्हते. गाडी पहिल्या फटक्यात लागली.

मी बाहेर पोहोचेपर्यंत गाडी चर्चच्या कोपऱ्यावरून वळली होती. वायर नीट वेढे घालून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. तेवढे ते विसरले नव्हते.

वायर आमचे शेजारी अर्नी फ्रीसन यांनी लावली होती. ते रात्री कुत्र्याला फिरवून परत जात होते. मी दार वाजवले तेव्हा ते म्हणाले, "अगं ऑरिशा, लोंबत होती ती. म्हटलं म्हातारा विसरला. असल्या गारठ्यात कुणाची वायर लोंबताना बघून सरळ पुढे जायचं का?"

मी काय झाले ते सांगितले. ते दारातच खाली बसले. मग म्हणाले, "माझ्या हेल्गाला कळा सुरू झाल्या त्या रात्री माझी वायर निघालेली होती. मेट्रोनं जाता जाता लावली, म्हणून गाडी लागली. मी फक्त ते फेडत होतो गं."

मी त्यांना म्हटले, "रडायचं नंतर बघ. ट्रक काढ." ते दक्षिणेच्या रस्त्याने शोधायला गेले आहेत. फ्रीसन यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी केले ते या गावात कोणीही केले असते. मीही केले असते.

गाडी निळी, चार दारांची. टाकी पाव भरलेली. मी त्याहून जास्त भरत नव्हते. पतींच्या अंगावर जाड कोट आहे, पायात घरातल्या सपाता. ते उभ्या गाडीचे इंजिन कधीही चालू ठेवत नाहीत. फुकट तेल जाळणाऱ्यांना ते मूर्ख म्हणतात. गाडी कुठेही थांबली की ते इंजिन बंद करतील, आणि ती गार पडली की पुन्हा लागणार नाही. म्हणून घाई करावी.

हे लिहीत असताना रेडिओवर निरोप आला की टार्नोच्या चौथऱ्यापाशी चाकांच्या ताज्या खुणा आहेत, गाडी नाही. कॉन्स्टेबल म्हणाले, "मग घरीच परत येत असतील, मॅडम. बसा ना जरा."

मी त्यांना सांगितले आणि इथेही लिहिते की, ते घरी येणार नाहीत. कोठार दिसले नाही तर आपण रस्ता चुकलो असे ते समजतील आणि पुढच्या साइडिंगला जातील. रूळ उखडले आहेत, पण रुळांचा बांध बर्फातही दिसतो. ते तो बांध धरून पश्चिमेला जातील. एका कोठारावरून पुढचे दिसायचे, तशी ती रांग होती. आज त्या रांगेतले एकही उभे नाही. शोध त्या बांधाच्या कडेने घ्यावा, महामार्गावर नव्हे. कॉन्स्टेबलनी तसे रेडिओवर कळवले. मी समोर उभी राहून ऐकले.

एक विनंती आहे. पती सापडल्यावर वायर मी काढत होते हे त्यांना सांगू नये. हीटर बिघडला होता, एवढे पुरे.

माझे लिखाण कॉन्स्टेबल बुशार यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. शेवटची विनंती जबाबात बसत नाही, ती गाळू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. सर्व मी लिहिल्याप्रमाणे व खरे आहे.

सही : ऑरिशा हनाट्यूक

पोलिसांच्या ताब्यात दिलेल्या वस्तू : पतींचा फोटो, मागच्या ईस्टरचा. गाडीची दुसरी किल्ली. पतींचे लोकरीच्या अस्तराचे बूट, एक जोड, चुलीजवळ ठेवून गरम केलेले. नारिंगी वायर, एक, गाडी बंद अवस्थेत सापडल्यास लावण्यासाठी. वायरीचे वेढे पतींनी आज सकाळी घातलेले आहेत. गरज पडली तरच सोडावेत.