मागचे दोन्ही फुटरेस्ट काढल्याबाबत

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, छत्रीबागेतील आमच्या घरासमोर, माझ्या स्वतःच्या नावावर असलेल्या मोटारसायकलवर बसण्यासाठी मी पाय उचलला आणि तो ठेवायला जागा नव्हती.

मी, सौ. भानुमती अरविंद मुळ्ये, वय ६७ वर्षे, दूरसंचार खात्यातून सेवानिवृत्त, राहणार छत्रीबाग, इंदूर, आज शनिवार, दिनांक १५ नोव्हेंबर रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, वरील प्रकार माझ्याबाबत घडला आहे आणि त्याची नोंद व्हावी.

जबाब मराठीत घेतला जात आहे. प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, देवेंद्र बांगर म्हणाले, "काकूजी, हिंदीत बोला ना. वरती हिंदीच द्यावी लागते." मी विचारले, घरी आईशी कोणत्या भाषेत बोलता? ते म्हणाले, "मराठीत. पण आई रिपोर्ट नाही मागत." तेव्हा असे ठरले की जबाब मी देईन तसा घ्यावा आणि हिंदी त्यांनी करावी. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले आहे. तिथल्या सिस्टरांची शिकवण होती की तक्रार उभे राहून आणि पूर्ण वाक्यात करावी. इथे खुर्ची दिली आहे, म्हणून बसून करते आहे. वाक्ये पूर्ण असतील.

सदर मोटारसायकल लांबच्या प्रवासाची, मोठ्या इंजिनाची आहे. मी निवृत्त झाल्यावर ती माझ्या पैशातून घेतली. नोंदणी व विमा माझ्या नावावर आहे. गाडी माझे यजमान श्री. अरविंद मुळ्ये चालवतात. ते ७१ वर्षांचे असून पॉलिटेक्निकमधून वर्कशॉप इन्स्ट्रक्टर म्हणून निवृत्त झाले. मी मागे बसते. मला गाडी चालवता येत नाही. हे विचारले म्हणून सांगितले. घर माझ्या नावावर असते तर ते मी बांधले का, असे कोणी विचारले नसते.

मागे बसून काय करता, असे विचारण्यात आले. त्यावर सांगते की रस्ता मी दाखवते. आधी स्कूटर होती, मग लहान मोटारसायकल, आता ही. यजमान जन्मात कोणाला रस्ता विचारत नाहीत. चुकले तरी त्याच वेगाने चुकत राहतात. त्यामुळे लोकांना विचारणे, पाट्या वाचणे, नकाशा पाहणे हे माझ्याकडे आहे. मी ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होते. कोणाला काय आणि किती थोडक्यात विचारावे हे मला कळते. उजवीकडे वळायचे असल्यास मी उजव्या खांद्यावर हात ठेवते, डावीकडे असल्यास डाव्या. दोन्हींवर ठेवले की थांबायचे. हेल्मेटवर टिचकी मारली की भूक लागली आहे. त्यावर ते "हो" म्हणतात. वाऱ्यात ऐकू येत नाही, पण पाठीला हात लागलेला असतो, त्यातून कळते.

घरी आमचे बोलणे कमी आहे. भांडण नाही. विचारण्यासारखे होते ते विचारून झाले आहे. मुलगी उर्वी परदेशात असते. तिचा फोन आला की ती आधी माझ्याशी बोलते आणि मग त्यांच्याशी, तेव्हा मी त्यांना त्यांच्या खोलीत फोन नेऊन देते. गाडीवर मात्र दिवसभर बोलणे होते.

या एप्रिलमध्ये मी काही दिवस रुग्णालयात होते. हृदयाचा त्रास होता. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. बांगर यांनी तब्येतीबद्दल विचारले म्हणून लिहून घ्यावे. डॉक्टरांनी मला जपायला सांगितले आहे. मोटारसायकलवर बसू नका, असे सांगितलेले नाही. मी त्यांना हे तोंडावर विचारले होते. यजमान तेव्हा शेजारीच होते.

घटनेच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे बेटम्यावरून धारकडे जाणार होतो. बूट, जॅकेट, हेल्मेट घालून मी खाली आले. हँडलवर पोस्टकार्डाएवढी एक काळी चौकट बसवलेली होती. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. आदल्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला नेतो, एवढेच मला सांगण्यात आले होते. मी सीटवर हात टेकून पाय उचलला. फुटरेस्ट नव्हता. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिले. तिकडेही नव्हता. आमच्यात पुढील बोलणे झाले.

"अहो, फुटरेस्ट कुठे आहेत?"

"काढलेत."

"का?"

"पेट्यांची फ्रेम तिथल्याच बोल्टांवर बसते. तू आज राहू दे. मी मशीन चेक करून येतो."

"माझे बूट घालून झालेत."

यावर त्यांनी गाडी सुरू केली. हँडलवरच्या मशीनमधून बाईचा आवाज आला, "दो सौ मीटर बाद बाएँ मुड़ें।" आवाज स्वच्छ होता. आम्हालाही प्रशिक्षणात तसेच बोलायला शिकवले होते. यजमान त्या मशीनला "हो" म्हणाले. मी दोन पावलांवर उभी होते. माझा ऐकण्यात गोंधळ झालेला नाही.

गाडी गेल्यावर मी घरात आले. हेल्मेट किती वेळाने काढले ते सांगता येणार नाही.

बेटम्यात रस्त्याला लागून द्वारकाबाईंचे चहाचे दुकान आहे. आम्ही तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. साडेआठच्या सुमारास मी त्यांना फोन केला आणि साहेब येऊन गेले का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "गाड़ी तो निकली थी बाईसाब, रुकी नहीं। पीछे आप नहीं थीं, तो मैंने सोचा कोई और होगा।" मी त्यांना सांगितले की कोणी दुसरे नव्हते.

यजमान दुपारी परत आले. मी वाढले. रस्ता कसा होता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "बरोबर दाखवतं." चहा कुठे घेतला, असे विचारले. घेतला नाही, म्हणाले. मशीन चहाला थांबवत नाही.

सोमवारी मी पेट्यांवरच्या स्टिकरवरचा पत्ता पाहून एकटी रिक्षाने राजवाड्यामागच्या गल्लीत विपुल नावाच्या इसमाच्या दुकानात गेले. मोटारसायकलचे जास्तीचे सामान विकणे व बसवणे हा त्याचा धंदा आहे. वय पस्तिशीच्या आसपास. त्याने मला स्टूल दिले. तो म्हणाला, "आंटी, फिटिंग एकदम साफ है। हैंडल पे माउंट, टंकी के नीचे से वायर, बैटरी पे अलग फ्यूज। कंपनी की एक वायर नहीं काटी।" मी म्हटले, वायरींबद्दल माझी तक्रार नाही. मालकाला न विचारता मालकाचे पाय ठेवायचे लोखंड का काढले?

तो म्हणाला, "मैंने तो पूछा था आंटी। मैंने कहा, भिया, पेटी के दूसरे फ्रेम भी आते हैं, थोड़े महँगे हैं, उसमें फुटरेस्ट रहने देते हैं। नहीं तो आंटी कहाँ बैठेंगी?"

"फिर क्या बोले?"

"छोड़ो ना आंटी।"

मी त्याला सांगितले की मी एकवीस वर्षे लोकांची बोलणी जोडून दिली आहेत, अर्धे बोलून फोन ठेवणारा मला आवडत नाही. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "अंकल बोले, अकेले चलाने की आदत डालनी पड़ेगी। बाद में एकदम से नहीं होगा, अभी से डाल लेता हूँ।"

मी विचारले, बाद में म्हणजे कशाच्या नंतर? त्याने माझ्यासाठी पाणी मागवले. मी पाणी घेतले नाही. मी त्यास सांगितले की मी अजून आहे, आणि आहे तोपर्यंत मला पाय कुठेतरी ठेवावे लागतील.

बांगर यांनी इथे विचारले की काकांना तसे वाटणे साहजिक नाही का? त्यावर सांगते की साहजिक असेल. पण ते वाटले हे विपुलला माहीत आहे. मला माहीत नव्हते. एसटीडी आली आणि लोक परगावचे नंबर स्वतः फिरवू लागले, तेव्हा खात्याने ऑपरेटरांना एका दिवसात बिलांच्या खोलीत नेऊन बसवले. आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. बोर्डाच्या खुर्च्या हलवलेल्या दिसल्या, त्यावरून कळले. खात्याकडून माझी फार अपेक्षा नव्हती.

मंगळवारी यजमान बँकेत गेले असताना मी मशीन सुरू करून पाहिले. ते अवघड नाही. त्यात चंदेरीचा रस्ता भरून ठेवलेला आहे. दरवर्षी डिसेंबरात आम्ही एक लांबचा प्रवास करतो. या वर्षी २० डिसेंबरला चंदेरीला जाण्याचे मीच ठरवले होते, एप्रिलमध्ये, रुग्णालयातल्या खाटेवर. यजमान तेव्हा "हो" म्हणाले होते. चंदेरीला मी येणार आहे की नाही, असे मी त्यांना या आठवड्यात दोनदा विचारले. पहिल्यांदा ते कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातले होते. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बघू."

आज ठाण्यात आल्यावर बांगर म्हणाले, "काकूजी, हा मॅटर तो घरगुती आहे. ह्याच्यात गुन्हा काय बनतो?" मी सांगितले की गुन्हा काय बनतो हे बघणे तुमचे काम आहे, घडले काय ते सांगणे माझे. मग त्यांनी यजमानांना फोन करून गाडी घेऊन बोलावले. आमच्या घरापासून ठाण्यापर्यंत दोन वळणे आहेत. तरी गाडी फाटकात थांबली तेव्हा मशीनचा आवाज आत खुर्चीपर्यंत आला, "आप अपने गंतव्य पर पहुँच गए हैं।" बांगर हसले. मी हसले नाही. यजमान आत न येता दारापाशी उभे राहिले. बसा म्हटल्यावर म्हणाले, "तिचं होऊ द्या."

बांगर यांनी गाडी पाहिली आणि पेट्या उघडायला सांगितल्या. उजव्या पेटीत पंक्चरचे सामान व पाण्याची बाटली होती. डाव्या पेटीत मागचे दोन्ही फुटरेस्ट होते, बोल्टांसह, माझ्या जुन्या निळ्या स्कार्फमध्ये गुंडाळलेले. तो स्कार्फ मी उन्हाळ्यापासून शोधत होते. सोबत त्या बोल्टांना लागणारा पाना होता. फुटरेस्टना तेल लावलेले होते.

बांगर यांनी विचारले, "काका, काढलेत तर मग सोबत घेऊन का फिरता?"

यजमान म्हणाले, "बसवायला दहा मिनिटं लागतात."

बांगर म्हणाले, "मग पेट्या?"

"पेट्या निघतील."

हे ते बांगर यांच्याकडे पाहून म्हणाले. मी बांगर यांच्या शेजारीच उभी होते.

बांगर यांनी फुटरेस्ट पुरावा म्हणून ठाण्यात जमा करण्याबद्दल विचारले. मी नकार दिला. ते माझ्या मालकीचे आहेत आणि सध्या माझ्या पर्समध्ये आहेत. पर्सचा पट्टा ओढला जातो आहे, पण चालेल. स्कार्फही माझ्याकडे आहे. पाना मी यजमानांकडे राहू दिला आहे.

विपुलविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने निदान विचारले होते. मशीन काढावे, अशीही मागणी नाही. चंदेरीचा रस्ता मीही पाहिलेला नाही. ज्या गावात मशीनला गल्ली सापडणार नाही तिथे मी उतरून विचारीन.

हा जबाब बांगर यांनी मोठ्याने वाचला. दारापाशी उभ्या असलेल्या यजमानांच्या कानांवरही तो गेला. मी बोलले तेच यात आहे. एका ठिकाणी बांगर यांनी "रडत रडत सांगितले" असे घातले होते, ते मी खोडायला लावले, कारण ते खोटे आहे. बाकी बरोबर असल्याने खाली सही करते.

माझी मागणी एकच आहे. दिनांक २० डिसेंबर रोजी गाडीच्या मागच्या सीटवर मी आहे की नाही, याचे उत्तर श्री. अरविंद मुळ्ये यांनी शुक्रवार, दिनांक २१ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मला लेखी द्यावे. तोंडी चालणार नाही, कारण ते तोंडी देत नाहीत. "बघू" हे उत्तर धरले जाणार नाही. उत्तर एका शब्दाचे असले तरी पुरेल. तो शब्द त्यांना येतो, हे मी वर सांगितले आहे.

सही/-
भानुमती अरविंद मुळ्ये