भिंतीवरचा निळा हात

माझं नाव लक्षमी, जात पारधी. कडा म्हनून बाजाराचं गाव हाय, त्याच्या अलीकडं, गावाबाहेर आमची वस्ती हाय, पंधरा-वीस घरं. माझा जन्म पालात झाला, पाल कुठं होतं ते आईलाबी सांगता यायचं न्हाई, कारन तीन दिसाच्या वर आमाला एका जागी कुनी टिकू देत नव्हतं. आजा मातर त्याच्या ज्वानीत, पाल कुठंबी पडू दे, रोज एकाच जागी जायचा, चावडीवर, हजेरी द्यायला. इंग्रजानं कायदा केलता, पारध्याच्या पोटी आला तो चोर. इकडं राज निजामाचं, पन त्यांनीबी तो कायदा उचलला. चांगली गोष्ट असती तर उचलली नसती. चावडीवर आज्याच्या धाही बोटांला शाई लावून कागदावर उठवली. तवापासून म्हातारा दगडावर अंगठा घासत बसायचा. मी बारकी होते, इचारलं, आजा, कावून घासतो? म्हनला, निघत न्हाई. शाई तर कवाच गेलती.

कायदा गेला म्हनत्यात. गेला असंल. पन काय सांगू तुमाला ताई, गावात कोंबडी हरवली तरी जीप आदुगर आमच्याकडं येती.

मागल्या साली पुन्याहून एक म्याडम आली. बाई लई चांगली. म्हनली, इंग्रजानं तुमच्यावर मारलेला शिक्का आपुन चित्रानं पुसू, समाजमंदिराच्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढू. आमी म्हनलो, काढा. पुढारी आले, नारळ फुटला, पाव्हने तीन आन हार सात. भाषनात आमाला भूमिपुत्र म्हनले, आन गुंठाभर जिमीन न्हाई एकाच्याबी नावावर. मग म्याडमनं परातीत निळा रंग ओतला. म्हनली, या, एकेकानं हात बुडवा, भिंतीवर उठवा, खाली नाव लिहा.

एकबी मानूस उठलं न्हाई. बाया पदरात हात लपवून बसल्या. तिला वाटलं रंगाला भेत्यात, म्हनली पान्यानं निघतो. मी तिला बाजूला नेलं, आज्याचं सांगितलं. तर तीच रडाय लागली. घ्या, दुःख आमचं आन चहा तिला पाजायचा.

तवर माझा सुरेश उठला. बारावी शिकलेला, कड्याला गॅरेजमधी कामाला. म्हनला, आई, कवर भ्यायचं? मी म्हनले, नको रं बाबा. ऐकलं न्हाई. भिंतीच्या मधोमध हात उठवला, खाली झोकात नाव लिहिलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर एकटाच हात. म्याडमनं टाळ्या वाजवल्या, पेपरात फोटो आला. मला तो हात बघवंना. तिकडून जायचं झालं तर मी तोंड फिरवून जायची.

दोन महिन्यांनी गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. जीप आली. हवालदार भिंतीपुढं थांबला, मोबाइलात हाताचा फोटो घेतला, नाव वाचलं, आन पोराला घेऊन गेला. तिसऱ्या दिशी मोटार मालकाच्या मेव्हन्याकडं घावली. सुरेश घरी आला. ठान्यात त्याची बोटं उठवून घेतलती. मारलं का म्हनून इचारलं. दारात बसला आन पँटीला हात पुसत राहिला, दिसभर. हात कोरडाच होता.

म्याडमचा रंग समाजमंदिरात शिल्लक होता. भिंत पुसावी म्हनून गेलते, पन पुसली तर म्हननार पुरावा लपिवला. मग मी हात बुडवला. उभ्या जन्मात पयल्यांदा. सुरेशच्या हातावर माझा हात दाबला. माझी जाऊ गंगू बघत होती, म्हनली, सरक. मग सगळी वस्ती आली, म्हातारी-कोतारी, लेकुरवाळ्या. हातावर हात, नावावर हात. रंग सरला तवा चुन्यात नीळ कालवली. कुनाचं बोट कुठं सरतं ते कळंना.

म्याडमचा फोन आला, म्हनली, ताई, चित्र बिघडलं की. मी म्हनले, हो.

हवालदार परत आलता, उगंच. सुरेशचा हात कुठला म्हनून इचारत होता. गंगू म्हनली, सायब, तुमीच हुडका.

जीप अजून येती, येत राहील. पोरगं कामाला जातंय, पन हसनं कमी झालंय त्याचं. कवा कवा मी भिंतीपुढं उभी राहते, लई येळ बघते. माझ्या पोटच्या पोराचा हात मलाबी सापडत न्हाई. देवानं तो कुनालाच सापडू देऊ नये.