नाव सोडवायला आलेली बहीण

(प्रिटोरियाचा तुरुंग, १९६७. मधे जाड काच, बोलायला तिच्यात बारीक जाळी. आत भाऊ, बाहेर थोरली बहीण, शेजारी खुर्चीवर पहारेकरी.)

अलेटा : ...आणि वाळलास किती! आईनं पाहिलं असतं तर मलाच बोलली असती.

रूलोफ : तीन वर्षांनी आलीस ताई, आणि आल्या आल्या आईला मधे घातलंस?

अलेटा : आले हे काय कमी आहे? चर्चमधल्या बायकांना दातदुखीचं निमित्त सांगून आलेय.

पहारेकरी : मावशी, फक्त घरचं बोलायचं. राजकारण निघालं की भेट बंद.

अलेटा : दातदुखी राजकारण आहे का रे बाळा?

पहारेकरी : नाही. पण या कैद्याचं काही सांगता येत नाही.

रूलोफ : खरंय त्याचं. आड्रियानचं बाळ कसं आहे?

अलेटा : साडेआठ पौंडांचा मुलगा. कान तुझे. रविवारी बाप्तिस्मा, त्यासाठीच आलेय. आपल्यात पहिल्या नातवाला आजोबाचं नाव. म्हणजे तुझं.

रूलोफ : हो.

अलेटा : रूलोफ लाटेगन! शाळेत हजेरी घेतली की अख्खा वर्ग मागे वळून बघणार. ‘तोच का, काळ्यांसाठी सरकार उलथवायला निघालेल्या वकिलाचा नातू?’

पहारेकरी : मावशी!

अलेटा : शाळेचं बोलतेय, शाळेचं! हे बघ रूलोफ, आड्रियान आणि तुझी सून सुसारा म्हणतात, नाव बाबांचंच. बाबांनी स्वतः सोडलं तरच दुसरं. मला कुणी पाठवलेलं नाही. मलाच भीती वाटते. म्हणून विचारायला आले.

रूलोफ : मग सोडलं. सुसाराच्या वडिलांचं ठेवा. फ्रेडरिक. छान आहे.

अलेटा : एवढंच?

रूलोफ : एवढंच. लेकराच्या मानेवर माझं ओझं कशाला?

अलेटा : असाच तू! बापाचं शेत सोडलंस. न्यायाधीशाची खुर्ची चालत आली, ती सोडलीस. आणि ‘चुकलो’ म्हणून लिही, घरी जा, असं सांगत कागद पुढे केला, तर तेवढी एक सही मात्र होत नाही तुझ्याच्यानं!

पहारेकरी : कागदाचं नको, मावशी.

अलेटा : बरं, आमच्या आजोबांचं चालेल? तेही रूलोफच. आपल्या लोकांची इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा त्यांनी धरून पार हिंदुस्थानात नेलं, अहमदनगरला. लढाई संपली. बाकीचे इंग्रज राजाशी इमान राखण्याच्या कागदावर सही करून घरी आले. आजोबा सही करेनात, बसले तिथेच दीड वर्ष. हे राजकारण का?

पहारेकरी : ते... नाही. ते आपले होते. माझे पणजोबाही तिथेच होते.

रूलोफ : त्यांनी सही केली?

पहारेकरी : कैद्यानं प्रश्न विचारायचे नाहीत. ...केली. पहिल्याच आठवड्यात.

अलेटा : असू दे रे. पोरंबाळं असतील मागे. ...रूलोफ, काल मागच्या दारी काळ्यांच्या वस्तीतली एक बाई आली. डिकेलेडी. तिच्या थोरल्याला तू फासावरून सोडवलंस.

रूलोफ : मोलेफी. गवंडी होता. भिंत अशी सरळ उभी करायचा की बघत राहावं.

पहारेकरी : घरचं बोला म्हटलं ना!

अलेटा : घरचंच आहे! बाळाला लोकरीचं टोपडं घेऊन आली, सहा मैल चालत. म्हणाली, छोट्या रूलोफला घाला. मी म्हटलं, नावाचं अजून ठरलं नाही. तर माझ्याकडे बघतच राहिली. ‘बाईसाहेब, आमच्या वस्तीत तीन रूलोफ आहेत. तुमच्याच घरी नाही?’

रूलोफ : ...तीन?

अलेटा : रडू नकोस. डोळे पुसायला मला पलीकडे येता येत नाही.

रूलोफ : हे ऐकूनही तू नाव सोडवायला आलीस?

अलेटा : आले. वाटलं, तू हट्ट करशील, कायदा शिकवशील. भांडला असतास ना, तर मी जिंकून गेले असते. तू तर देऊन मोकळा झालास! लाज वाटली मला. परक्यांच्या घरी तीन-तीन, आणि आपल्या घरी एक जड झाला?

रूलोफ : ताई, नीट विचार कर. रविवारी बाळ कोण धरणार?

अलेटा : मीच. आणि नावही मीच सांगणार, मोठ्यानं.

रूलोफ : पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये तुझ्या बाकावर कुणी बसणार नाही.

अलेटा : बरंच झालं. पाय पसरून बसेन. गुडघे दुखतात.

रूलोफ : पण मी नाव सोडलंय. आड्रियान विचारेल. आणि तू खोटं बोलत नाहीस.

अलेटा : नाहीच बोलत. या मेल्या जाळीतून मला धड ऐकूच आलं नाही. काय रे बाळा, तू तर इथला शब्दन् शब्द ऐकायला बसलायस. यानं नाव सोडलं, असं काही तुझ्या कानावर आलं?

पहारेकरी : वेळ संपली, मावशी.

अलेटा : आलं का कानावर?

पहारेकरी : ...नाही. आज वारा फार आहे. चला, काका.