समजुतीची वही

आमच्या घरात पहिली बी.ए. मी, हे आधीच सांगून टाकते, लिहून घ्या. पावसच्या अलीकडं सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची वाडी, बाबा दुसऱ्यांच्या कलमांची राखण करायचे, आई त्याच बागांतले आंबे डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहायची, आणि मी सकाळच्या एस.टी.नं रत्नागिरीला कॉलेजात, एक ड्रेस अंगावर नि दुसरा दोरीवर. आता हायस्कुलात क्लार्क आहे. लग्न केलं नाही. बाबा गेले, आई आणि मी दोघीच राहतो, म्हणजे राहत होतो.

वाडीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात काही बिघडलं की देवीच्या मंडपात बैठक बसते, पुरुष आत, बायका पायरीखाली. नवऱ्यानं मारलं तर बाईनं स्वतः बोलायचं नाही, तिच्या बापानं नाहीतर भावानं माहेराहून येऊन बोलायचं. मग नवऱ्यानं देवीपुढच्या नारळावर हात ठेवून म्हणायचं, परत हात उचलणार नाय. नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं, झालं. माझ्या आईसाठी माझा मामा असा दोनदा आला होता. मी आईच्या शेजारी उभी, आणि मला त्या खोबऱ्याचा तुकडा गोड लागला होता, काय सांगू तुम्हाला, ती चव अजून जिभेवर आहे.

बी.ए. झाले त्या वर्षी वाडीप्रमुख आप्पा घरी आले. म्हटलान, बाय, तुजं अक्षर चांगलं, बैठकीची वही आता तू लिही. वाडीतल्या बायकांत मी एकटी, जिला मंडपात चढायला मिळालं, खांबाजवळ स्टूल मिळालं. शेवटी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, त्या मंडपात बाईचा आवाज निघायचा तो तेवढाच, आणि आई खालून ऐकायची, तोंडावर पदर धरून. वाक्य आप्पांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, उभयतांची समजूत काढण्यात आली. कितीतरी वर्षं तेच लिहिलं मी. कुणाचं डोकं फुटलेलं असो, कुणाला पोरांसकट घराबाहेर काढलेलं असो, वाक्य तेच.

आता शर्मिलाचं. माझा चुलतभाऊ विलास, जयगडकडं ड्रायव्हर आहे, त्याची ही बायको, माहेर बुरोंडी. बाप समुद्रात गेला तो परत आला नाही, भाऊ नाहीच. पहिल्या वेळी तिचा जबडा सुजलेला. आप्पांनी विचारलं, हिच्या बाजूनं कोण बोलणार. कुणीच नाही. मग विलासलाच विचारलं आणि त्यानंच दोघांचंही सांगितलं, कालवण खारट झालं म्हणून म्हटलं तर हिनं उलट उत्तर केलान. कुणीतरी मागून बोललं, बुरोंडीच्या माणसांना मीठ जास्तच लागायचं, आणि मंडप हसला. विलासनं नारळावर हात ठेवला. शर्मिलाच्या हातातही खोबरं आलं, तिचं तोंड उघडत नव्हतं, तिनं तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला. मी बघितलं. बघितलं आणि खाली मान घालून समजूत लिहिली.

दुसऱ्या वेळी तशीच बैठक, तसाच नारळ, पण तिसऱ्या दिवशी ती एकटी उठून पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं वाडीला विचारलं, आप्पांनी वही माझ्याच हाती पाठवली. तो वाचून म्हणाला, मॅडम, अक्षर छान आहे तुमचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, घटकाभर बरं वाटलं. मग तो शर्मिलाला म्हणाला, अहो ताई, यात तर तुमची समजूत निघालीय, सुशिक्षित बाईनं लिहिलंय. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी तिला रिक्षानं विलासच्या दारात सोडलं. मी सोडलं, हे नीट लिहा.

महिन्याभरात त्यानं चुलीतल्या लाकडानं तिचं उजवं मनगट मोडलं.

परत बैठक. विलासनं नारळावर हात ठेवला, आप्पा म्हणाले, वाच बाय. मी उभी राहिले आणि लिहिलेलं वाचलं, विलासनं शर्मिलाचं मनगट मोडलं, समजूत कुणाचीही निघालेली नाही, याआधी दोनदा मी या वहीत खोटं लिहिलं, तेव्हा काय बघितलं ते खाली देते, आणि जबडा, पदराची गाठ, सगळं वाचलं. आप्पा हळूच म्हणाले, बाय, पान फाड तां. मी म्हटलं, आप्पा, लिहायचं नि वाचायचं काम तुम्ही मला दिलंत, ते मी केलं, फाडायचं कधी सांगितलेलं नव्हतं. कोणतरी बोललंच, घ्या, शिकवा अजून. तेवढ्यात आई, जी जन्मात त्या पायरीवर चढली नव्हती, ती वर आली. म्हणाली, विलास, नारळावरचा हात काढ, तुज्या काकानंपण ठेवलान व्हता. आणि शर्मिलाचा चांगला हात धरून तिला घेऊन गेली. आमच्याच घरी.

दुसऱ्या दिवशी शाळेत वहीच्या झेरॉक्स काढल्या, मग वही आप्पांच्या ओटीवर ठेवली नि शर्मिलाला घेऊन ठाण्यात गेले. या वेळी तक्रार लिहून घेतली. विलास जामिनावर आहे. शर्मिला कॅनिंगच्या कारखान्यात जाते, मनगट पुरतं वळत नाही, डाव्या हातानं आंब्यांची निवड करते. यंदा शिमग्याला दर घरी थांबणारी देवीची पालखी आमच्या अंगणाशी आली आणि न थांबता पुढं गेली. आई निरांजन घेऊन उभी. मला वाटलं रडेल. म्हणाली, जाऊ दे गो, देवीला घर ठाव हाय आपलं.

पुढच्या आठवड्यात कोर्टात माझी साक्ष आहे. विलासचा वकील माझंच अक्षर माझ्यापुढं धरणार आहे आणि विचारणार आहे, बाई, खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय. मी सांगणार, तेव्हा. बी.ए. असून लिहिलं. लाज वाटते, पण मी ते बोलले नाही तर तिला परत त्या दारात सोडल्यासारखंच आहे. तिच्या बाजूनं बोलायला बाप नाही नि भाऊ नाही, मी आहे.

शर्मिलाचं भलं होवो, तुमच्या लेकीबाळींचंही होवो. तुम्ही मी सांगितलं तसंच लिहा. भाषा सुधारू नका माझी. आणि शेवटी कुठं समजूत निघाली असं घालू नका.