दोन हजार गोळ्या, एकही अडकली नाही

वहिनी : तिसऱ्यांदा सांगतेय, भावजी, मी चाचणीच्या दाखल्यावर सही करणार नाही. चौथ्यांदा विचारू नका.

भावजी : अहो, पण कारण? नव्या छोट्या पिस्तुलातून दोन हजार गोळ्या तुम्ही स्वतः झाडल्यात. एकही अडकली नाही. तुमच्याच अक्षरात लिहिलंय.

वहिनी : लिहिलंय, आणि खरं लिहिलंय. आता हे बघा.

भावजी : काय बघू? पांढरं फडकं आहे.

वहिनी : पांढरंच आहे ना? आत्ता त्याच पिस्तुलाच्या आतून फिरवलंय. दोन हजार गोळ्या होईपर्यंत पुसायचं नाही, तेल द्यायचं नाही, ही चाचणीची अट. फडकं तव्याच्या बुडासारखं काळं यायला हवं होतं.

भावजी : म्हणजे आपला माल स्वच्छ चालतो. आनंद माना.

वहिनी : मला शेंड्या लावू नका. गोळीबाराच्या या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी फिटरकाकांच्या खिशात. काका, मघापासून भिंतीकडे काय बघताय? बोला.

फिटरकाका : मी काही वाईट केलं नाही.

वहिनी : वाईट केलंत असं कुठे म्हटलं? काय केलंत ते विचारतेय.

फिटरकाका : तुम्ही जेवायला गेलात की येऊन पुसत होतो. दोन थेंब तेल, बस. एकतीस वर्षं हेच करतोय, बाई. माझ्या हातचं हत्यार असं बरबटलेलं बाकावर पडलेलं मला बघवत नाही. घास उतरत नाही.

वहिनी : रोज?

फिटरकाका : चाचणीचे दहाही दिवस.

भावजी : बरं, पुसलं. त्यात आभाळ कोसळलं का? ज्याच्या हातात जाईल तोही पुसेलच.

वहिनी : कोण, बँकेच्या दारात बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी? त्याला बूट पुसायला फुरसत नसते. वर्षभर ते त्याच्या कमरेला घामात लोंबणार. चाप ओढायची वेळ आली की तो समोरच्याला सांगेल का, थांब बाबा, जरा तेलपाणी करून घेतो?

भावजी : टोमणे मारून झाले असतील तर मी बोलू? काका, हा उपद्व्याप तुम्हाला सांगितला होता कोणी?

वहिनी : त्यांच्यावर नंतर ओरडा. काका, पुसण्याखेरीज आणखी काय केलंत?

फिटरकाका : काही नाही.

वहिनी : काका.

फिटरकाका : ती आकडी. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर ओढते ना, ती. मशीनवरून जरा बोथट येते. चाचणीला द्यायच्या आधी मी तिला कानस मारली. फोटोला बसवताना पोराचा भांग पाडतो ना आपण, तसं.

वहिनी : छान. याचा भांग पाडलात. आणि गिऱ्हाइकाकडे जायच्या त्या पेटीतल्या चारशेंचा?

फिटरकाका : ती आलीत तशीच आहेत. साहेबांना सांगितलं होतं मी, आकडी बोथट येतेय म्हणून.

वहिनी : भावजी?

भावजी : सांगितलं होतं. हे काय सांगत नाहीत? प्रत्येक नगाला नावं ठेवतात. यांचं ऐकत बसलो तर वर्षाला दहा पिस्तुलं बाहेर पडतील.

वहिनी : पेटी उघडा.

भावजी : सील केलीय. सकाळी गाडी येतेय.

वहिनी : मग पाठवा बिनसहीची.

भावजी : सही करणारे छप्पन्न मिळतील मला. तुम्ही या खोलीत दादामुळे आहात, वहिनी, हे विसरू नका.

वहिनी : तुमचे दादा माझे नवरे आहेत, हे मला रोज सकाळी त्यांचा टॉवेल उचलताना आठवतं. तुम्ही कष्ट घेऊ नका. आणि तुमची ती फिरती खुर्ची काय तुम्ही स्वतः घडवलीत? उघडा म्हटलं ना.

(पेटी उघडते. वहिनी मधलं एक पिस्तूल काढून कानावर आवाज रोखणारा पट्टा चढवते आणि झाडू लागते. सदतिसाव्या गोळीला आवाज थांबतो. पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो.)

फिटरकाका : पुंगळी आतच राहिली. दुसऱ्यांदा.

वहिनी : एकोणसाठाव्याला. लिहून घ्या, भावजी, या वेळी तुमच्या अक्षरात.

भावजी : एखादा नग निघतो तसा. एका नगावरून चारशेंना फासावर चढवणार तुम्ही?

वहिनी : तुम्हीही एकाच नगावरून चारशेंना पास करायला निघाला होतात. तोही भांग पाडलेला.

भावजी : तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय?

वहिनी : मग बोलू नका. दुसरं तुम्ही निवडा. वरचं घ्या, तळातलं घ्या, डोळे मिटून घ्या. दोनशे गोळ्या बिनबोभाट चाललं तर निदान दुसऱ्या चाचणीला बसवेन. अडकलं, तर पेटी इथेच राहील आणि चारशेच्या चारशे आकड्या पुन्हा घडतील.

भावजी : ठीक आहे. होऊन जाऊ दे. हे घ्या.

वहिनी : द्या ना मग. धरून का ठेवलंय?

भावजी : एक मिनिट. काका, आधी तुम्ही जरा बघून घ्या हे.

फिटरकाका : नको, साहेब.

भावजी : कानस नाही, तेल नाही. नुसती नजर टाका.

फिटरकाका : माझी नजर गेली की मागून हात जातो. तसंच द्या त्यांना.